मग्गीची कॅसेट

शाळेला टेपरेकॉर्डर आला तेव्हा सगळ्यांत जास्त कटकट मी केली होती, हे आधीच कबूल करते. नाहीतर म्हणाल, ही वेदवती टीचर म्हातारपणी उगीच शहाणपण सांगते.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. अग्रहारात, म्हणजे देवळाभोवतीच्या जुन्या वस्तीत, आमची कन्नड माध्यमाची चार खोल्यांची शाळा. सरकारातून एक काळा टेपरेकॉर्डर आला, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. हेडमास्तर जयतीर्थ सरांनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि कपाटात कुलूप लावून ठेवून दिला. बिघडला तर जाब कोण देणार? अय्यो, आमच्याकडं वस्तू आली की आधी तिची पूजा, मग तिची भीती, आणि वेळ उरला तर वापर.

त्याला बाहेर काढलं शकूनं. शकुंतलाबाई दुसरीला शिकवायची, मी तिसरीला. ती मराठ्यांची, तिचे पणजोबा की कोण इथल्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि आम्ही देवळाजवळचे आचार्यांचे. शाळेत आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या, म्हणून मधल्या सुट्टीत आमचं गुळपीठ. ती मला वेदाक्का म्हणायची. अंगानं जाड, चार पावलं चालली की धाप लागायची, पण आवाज असा की रडणारं पोर गप्प बसून ऐकायचं.

"वेदाक्का, पोरं मग्गी म्हणताना झोपतात," ती म्हणाली. मग्गी म्हणजे पाढे. "मी कॅसेटवर म्हणते. मध्ये जागा सोडते, पोरं उत्तर देतील. बघ कशी उड्या मारतात ते."

"तू समोर उभी असताना डबड्यातली शकू कशाला ऐकतील?" मी म्हणाले.

"मी समोर असले की त्यांना भीती वाटते. डबड्याला कुणी भीत नाही."

मला पटलं नाही. पण तिच्यापुढं कुणाचं चाललंय!

जानेवारीत देवराज मोहल्ल्यातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडं आम्ही तिघं गेलो, जयतीर्थ सर, शकू आणि मी. खाली शिंप्याचं दुकान, वर त्याची खोली. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, तरी खालच्या शिलाई मशीनचा टकटकाट वर यायचाच. सरांनी पाठ कागदावर लिहून आणला होता. दोन ते पंधरापर्यंत मग्गी, आणि शेवटी एक वाक्य: पाठ संपला, मी जाते.

शकूनं कागद खाली ठेवला. "सर, हे मी म्हणणार नाही."

"का? काय चुकलं?"

"जाते कोण म्हणतं? घरात लहान पोर आहे माझी. असला शब्द तोंडातून काढायचा नसतो."

सर हसले. पण हसण्यासारखं काय होतं त्यात? आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? कन्नडमध्येही तेच, 'बर्तीनि' म्हणायचं, येते म्हणायचं. मी शकूची बाजू घेतली. मग तिनं सगळे पाढे म्हटले आणि शेवटी म्हणाली, "बर्तीनि हं, मक्कळे." येते हं, पोरांनो. त्यातलं ते 'हं' आमचं मराठी, ते तिच्या कन्नडला कायम चिकटलेलं असायचं. रेकॉर्डिंगवाल्यानं कॅसेटच्या पाठीचं प्लास्टिकचं टोक मोडून टाकलं. आता हिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही, म्हणाला. ते टोक मोडताना मी पाहिलं आहे. पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

आणि खरंच, पोरं उड्या मारायला लागली. "हदिमूरु ओंदले?" कॅसेट विचारायची, आणि चाळीस पोरं ओरडायची, "हदिमूरु!" तेरा एके तेरा. शेजारच्या वर्गात मला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. शेवटी "बर्तीनि हं, मक्कळे" आलं की सगळी एका सुरात, "होगि बन्नि टीचर!" जाऊन या, टीचर. खरी शकू बाजूला खुर्चीवर बसून पदरानं वारा घेत हसत असायची. मी हरले, आणि तसं तिला सांगूनही टाकलं.

मे महिन्यात तिला कावीळ झाली. आठ दिवसांत खेळ खल्लास.

तिची एकुलती एक मुलगी वनजा, सात वर्षांची. शकूला रिक्षात घालून इस्पितळात नेलं तेव्हा पोर दारात उभी होती. शकू तिला म्हणाली, "येते हं, वनजा." मी तिथंच होते. त्यानंतर वनजाला नंजनगूडला आत्याकडं पाठवलं. इकडं सगळं उरकलं, तिकडं पोरीला कुणी सांगितलंच नाही. तिचे वडील रणोजीराव नंजनगूडच्या एका कारखान्यात कामाला, उंचापुरा माणूस, पण मुलीपुढं तोंड उघडेना. तिनं विचारलं, आई कुठं? म्हणाले, येईल. आत्या म्हणाली, येईल. जूनमध्ये शाळा उघडली, पोरीला परत आणलं, मला शकूचा वर्ग दिला, पहिल्या बाकावर वनजा. तिनं मलाही विचारलं.

मी काय म्हणाले असेन? येईल, पुट्टी, बाळा. येईल.

जीभ झडली का माझी ते म्हणताना? नाही झडली. सोपं उत्तर होतं, दिलं.

पोरांनी मग्गीची कॅसेट मागितली, गेल्या वर्षी शाळाभर ऐकू यायची ती. मी लावणार नव्हते. पण वनजाच उठून म्हणाली, "लावा ना टीचर." मी लावली. खालचं शिलाई मशीन टकटकत होतं, शकू पाढे म्हणत होती, पोरं ओरडत होती. "बर्तीनि हं, मक्कळे." वर्ग म्हणाला, होगि बन्नि. आणि त्या गलक्यात वनजा मराठीत हळूच म्हणाली, "ये, आई."

मी पाठ फिरवून फळा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

ती रोज तसं म्हणायची. दुपारी डबा खाताना बरोबर अर्धा खायची. दोन चपात्यांतली एक, भातातला अर्धा, केळं असेल तर तेही मोडून. "उरलेलं कुणाला?" मी विचारलं. "आईला. दमून येईल." घरीही तसंच करते, असं रणोजीराव म्हणाले. महिन्याभरात पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

जुलैच्या एका सोमवारी मी कॅसेट लावली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाढे तेच, आवाज तोच. आठच्या मग्गीवर माझ्या लक्षात आलं, शिलाई मशीन वाजत नव्हतं. त्याच्या जागी लांबून कुणीतरी फुलं विकत होतं, "मल्लिगे, मल्लिगे". देवराज मार्केटच्या दारात मोगरेवाले ओरडतात तसं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

म्हटलं, वेदवती, कान तपासून घे.

आठवड्याभरानं फुलवाला गेला. आता शकूच्या पाढ्यांमागं बसचे हॉर्न होते, टांग्याच्या घोड्याच्या टापा होत्या. आणि शकूला धाप लागत होती. "हदिमूरु एरडले," म्हणायची, मध्ये श्वास घ्यायची, मग "इप्पत्तारु." तेर दुणे सव्वीस. जानेवारीत ती खुर्चीवर बसून बोलली होती. धाप कसली लागेल तिला?

मी कॅसेट घेऊन जयतीर्थ सरांकडं गेले. त्यांनी ऐकली, पूर्ण ऐकली. म्हणाले, "शिलाई मशीन वाजतंय की. हॉर्न कुठला?" मी म्हणाले, नीट ऐका. ते म्हणाले, "तुम्ही चुकून लाल बटण दाबून बाहेरचं काही भरलं असेल." मी कॅसेट उलटी करून मोडलेलं टोक दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वेदवती टीचर, मैत्रीण गेली की असं होतं. दोन दिवस रजा घ्या."

रजा! मला राग आला की मी कन्नडच विसरते. मराठीत काहीतरी पुटपुटून बाहेर आले.

वनजा व्हरांड्यात उभी होती. माझ्या हातातल्या कॅसेटकडं बघून म्हणाली, "टीचर, आई चौकातल्या सर्कलपर्यंत आली ना?"

मी कॅसेट पदराआड केली. "कोण म्हणालं तुला?"

"ऐकू येतं की. आधी शिंप्याकडं होती. मग फुलं घेतली तिनं. आता सर्कल ओलांडतेय." मग तिनं आवाज बारीक केला. "आली की मी तिच्याबरोबर जाणार आहे."

"कुठं गं?"

"ती जिथून येते तिथं. इथं ती राहणार नाही, मला माहीत आहे. तिला आता घरी करमत नाही, म्हणून तर येत नव्हती."

त्या दिवशी मी घरी गेले ती देवापुढं बसले. काय मागायचं तेच सुचेना. शकू यावी म्हणून मी स्वतः रडले होते की. आता ती येत होती, आणि मला फक्त तिच्या पोरीच्या गळ्याची हाडं दिसत होती.

कॅसेट मी कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. पोरांना सांगितलं, बिघडली. वडील येईपर्यंत वनजा शेजारणीकडं थांबायची; दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तिथं पोचलीच नाही. संध्याकाळी नंजनगूडच्या गाडीनं रणोजीराव आले, आणि मग आमची धावाधाव. ती सापडली सर्कलमध्ये, बस वळतात तिथं, अगदी रस्त्याच्या मध्ये. एका टांगेवाल्यानं दंडाला धरून ओढली म्हणून वाचली. रडत नव्हती. वडिलांना म्हणाली, "आईचा आवाज बंद झाला. वाट चुकली असेल, म्हणून सामोरी गेले."

रणोजीरावांनी मला हात जोडले. "टीचरबाई, कॅसेट लावा. निदान शाळेत बसून तरी राहील."

"आणि तुम्ही? तुम्ही तिला खरं कधी सांगणार?"

"मला जमत नाही हो." एवढा मोठा माणूस, रस्त्यात उभा राहून रडला. त्याला काय बोलणार? माझी तरी कुठं जीभ उचलत होती!

मी कॅसेट परत लावायला लागले. आता मागं देवळाची घंटा वाजत होती. आमच्याच अग्रहारातली, तडा गेलेली, तिचा बद्द आवाज मी लहानपणापासून ओळखते. पुढच्या आठवड्यात पिठाची गिरणी. ती गिरणी शाळेपासून तीन घरांवर होती. देवराज मोहल्ल्यापासून शाळा वीस मिनिटांची वाट. शकूला महिना लागला होता, पण ती येत होती. रोज म्हणत होती, येते. रोज पोर म्हणत होती, ये.

तो शनिवार. सकाळची शाळा, साडेअकराला सुटली. पोरं धूम पळाली. वनजा जागची हलली नाही. तिनं नवा लंगा घातला होता, वेण्या स्वतःच घातल्या होत्या, एक वर एक खाली. दप्तरात पुस्तकं नव्हती. कपडे होते, आणि फडक्यात बांधलेली अर्धी चपाती.

"आज एकदा लावा, टीचर. आज पोचते ती."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की ती कुठल्या रस्त्यावर जाईल, हे मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर बसलेली बरी. मी दार आतून लावलं, तिच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले आणि बटण दाबलं.

बाहेर लख्ख ऊन. शकू पाढे म्हणत होती, पण एकेका आकड्याला थांबत होती. तेराच्या मग्गीपर्यंत तिला बोलवत नव्हतं. "हदिमूरु मूरले..." आणि मग टेपरेकॉर्डरमधून आमच्या शाळेचं फाटक करकरलं.

मी खिडकीतून पाहिलं. फाटक बंद होतं. कडी घातलेली.

मग चपला. शकूच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिनं तो मोचीकडून खिळा मारून घेतला होता, त्यामुळं एक पाऊल चट वाजायचं आणि दुसरं ठक. चट, ठक. चट, ठक. व्हरांड्याच्या फरशीवर. वनजा उठली, दप्तर खांद्याला लावलं.

मी झेप घेऊन कॅसेट बंद केली. बटण वर आलं, आतली चाकं थांबली, मी डोळ्यांनी पाहिलं. चपला थांबल्या नाहीत.

"शकू!" मी ओरडले. "शकू, परत जा! पोरीला सोड!"

पावलं एक क्षण थांबली. धाप ऐकू आली. मग परत, चट, ठक. मी बोलावलंच नव्हतं तिला, मग माझं कशाला ऐकेल? जिनं बोलावलं ती दप्तर घेऊन उभी होती.

मी वनजापुढं गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही दंड धरले. "वनजा, ऐक. तुझी आई मेली. मे महिन्यात, इस्पितळात. मी होते तिथं. आम्ही सगळे तुझ्याशी खोटं बोललो. अप्पा, आत्या, मी. मी सगळ्यांत जास्त, कारण मी टीचर आहे आणि तू मला विचारलं होतंस."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मग ही कोण?" तिनं दाराकडं बोट केलं.

"तीच आहे. तू ये म्हणतेस ना, म्हणून येतेय. तुझा शब्द कधी मोडलाय का तिनं? पण ऐक, तिला किती धाप लागलीय ते. तिला आता चालवत नाही, पुट्टी."

वनजानं ऐकलं. पावलं दाराबाहेर थांबली होती. नुसता श्वास, आत-बाहेर, आत-बाहेर, जिना चढून आलेल्या बाईचा.

"आई," वनजा म्हणाली, "तू दमलीस?"

बाहेर नुसता श्वास चालू.

दप्तराचा पट्टा वनजानं खांद्यावरून काढला आणि दप्तर बाकावर ठेवलं. आमच्याकडं दारातल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. आईला तर नाहीच नाही. हे त्या पोरीलाही माहीत होतं.

"मग जा," ती म्हणाली. "जा तू, आई."

डबड्यातून नव्हे आणि दाराबाहेरूनही नव्हे, कुठून ते मला अजून सांगता येत नाही, पण शकूचा आवाज आला. मराठीत. त्या कॅसेटवर एका 'हं'शिवाय मराठीचा एक शब्दही भरलेला नव्हता, आणि हा शब्द तर तिनं हट्टानं भरू दिला नव्हता.

"जाते हं."

चट, ठक. चट, ठक. फाटक करकरलं. मग गिरणीचा आवाज येत राहिला, पण ती खरी गिरणी होती, तीन घरांवरची, शनिवारी पण चालायची.

वनजा तेव्हा रडली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मीही रडले, लाज कसली त्यात? कॅसेट मी नंतर जयतीर्थ सरांना दिली, त्यांनी ती कित्येक वर्षं पोरांना ऐकवली. शिलाई मशीन छान टकटकायचं म्हणे. मी परत ऐकली नाही.

त्या दुपारी मी वनजाचा हात धरून तिला घरी पोचवलं. शेजारीण बाहेर आली, मी निघायला वळले. सवयीनं 'येते' तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. जाते म्हणवेना, येते म्हणायची हिंमत होईना. दारात खांबासारखी उभी राहिले.

"म्हणा ना, टीचर," वनजा म्हणाली. डोळे सुजलेले, पण नजर माझ्यावर रोखलेली.

"काय म्हणू?"

"येते म्हणा. मी बघते, तुम्ही येता का."

"येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. शाळा नाही, काम नाही, आणि मला एकशे दोन ताप. घरचे म्हणाले, वेड लागलंय का, पडून राहा. मी डोक्याला फडकं बांधलं आणि गेले. रणोजीराव स्वयंपाकघरात चपात्या करपवत होते. वनजा ताटावर बसली होती, समोर दोन चपात्या, एक आधीच बाजूला काढलेली.

तिनं मला दारात पाहिलं. थोड्या वेळानं तिनं ती बाजूची चपाती परत ताटात घेतली आणि तीही खाल्ली.